भंडारदरा सायकल सहलीत रबर झिजलेल्या ब्रेकची सायकल दिल्याबद्दल तक्रार

दिनांक : ९ ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, सायकल सहल विभाग

विषय : रविवार, ५ ऑक्टोबरच्या ‘भंडारदरा जलाशय प्रदक्षिणा’ सहलीतील निष्काळजीपणा

महोदय,

मी आणि माझी नववीतली मुलगी या सहलीत होतो. प्रत्येकी २,४०० रुपये भरले होते, त्यातच सायकलचे भाडे धरलेले होते. पावती सोबत जोडली आहे.

माझे माहेर राजूरचे. लहानपणी वडिलांबरोबर एसटीने शेंडीपर्यंत यायचे आणि भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाच्या भिंतीवरून पाणी बघायचे. १९२६ साली बांधून झालेली भिंत अजून कशी उभी आहे, हे वडील दर वेळी कौतुकाने सांगायचे. पण त्या पाण्याला पूर्ण वळसा मी कधी घातला नव्हता. शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि मुरशेतवरून परत शेंडी हा तुमच्या माहितीपत्रकातला रस्ता वाचला आणि लेकीला घेऊन त्याच दिवशी नोंदणी केली.

रतनवाडीपर्यंत सकाळ फार सुंदर गेली. भात पिवळे पडायला लागले होते, पलीकडे कळसूबाईच्या माथ्यावर ढग होते. अमृतेश्वराच्या देवळात आम्ही अर्धा तास थांबलो. पुष्करणीच्या पायरीवर बसून मुलगी रतनगडाच्या नेढ्याकडे, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकाकडे, बघत होती. ‘पुढच्या वेळी वर जायचं,’ असे तिने मला बजावलेसुद्धा.

आता तक्रारीचा मुद्दा. सकाळी शेंडीला सायकली वाटल्या तेव्हाच मुलीने सांगितले होते की मागच्या ब्रेकची मूठ पार हँडलला टेकते. तुमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने ब्रेकची वायर ओढून घट्ट केली आणि ‘आता ओके आहे’ म्हणून सायकल परत दिली. चाकाशी वाकून ब्रेकचे रबर त्याने पाहिले नाही. वायर ताणली की मूठ घट्ट लागते आणि ब्रेक चांगला आहे असे वाटते, पण झिजलेले रबर काही भरून येत नाही.

साम्रद सोडल्यावर घाटघरकडे जाताना एका उतारावर मागून करकर असा आवाज यायला लागला. मुलीने दोन्ही ब्रेक दाबले, तरी सायकल थांबेना. समोर वळण होते. तिने सायकल रस्त्याकडेच्या गवतात घातली आणि पडली. गुडघा फुटला, कोपर सोलवटले. मी सायकल उलटी करून पाहिली. मागच्या ब्रेकच्या एका बाजूला रबर उरलेच नव्हते, आतली पत्र्याची पट्टी रिमवर घासत होती. रिमला गोल चरा पडला होता आणि बोटाला राखाडी भुकटी लागली. पुढच्या रबरावरच्या खाचाही पुसल्या गेल्या होत्या. चारही फोटो सोबत आहेत. असे रबर एका सकाळीत झिजत नाही.

‘मदतगाडी शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे राहील’ असे तुम्ही लेखी दिले होते. ती गाडी जेवण घेऊन आधीच घाटघरला पोचली होती. आम्ही अडकलो होतो तिथे मोबाइलला रेंज नव्हती आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच गाडीत. मी बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली, ओढणी बांधली. पाऊण तासाने साम्रदच्या एका शेतकरीदादांनी आम्हाला सायकलींसह त्यांच्या पिकअपमध्ये घेतले आणि थेट राजूरच्या दवाखान्यात सोडले. डिझेलचे पैसेसुद्धा त्यांनी घेतले नाहीत. गुडघ्याला चार टाके पडले. तुमचा पहिला फोन आला संध्याकाळी सहाला, तोही सायकल कुठे आहे हे विचारायला.

सोमवारी तुमच्या कार्यालयातून उत्तर मिळाले की ‘सायकलिंगमध्ये पडझड होतेच, आणि तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर येत असल्याची सही केली आहे.’ हे मला मान्य नाही. चढ, उतार, पाऊस, माझा दमसास यांची जबाबदारी मी सही करून घेतली होती. तुम्ही भाड्याने दिलेल्या सायकलचा ब्रेक चालतो की नाही, ही जबाबदारी तुमचीच आहे.

माझ्या मुलीचे पूर्ण २,४०० रुपये आणि दवाखान्याचे १,१५० रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दर रविवारी तुमची नवी तुकडी याच उतारांवर जाते. येत्या रविवारच्या आत सगळ्या सायकलींचे ब्रेक तपासून घ्या, आणि ते कोणी, कधी तपासले हे मला लेखी कळवा. मदतगाडी शेवटच्या माणसाच्या मागेच हवी, जेवणासाठी दुसरी गाडी ठेवा.

मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. झिजलेले रबर मी जपून ठेवले आहे.

आपली,
(सही)
नाशिक

सोबत : पावती, माहितीपत्रकाची प्रत, ब्रेकचे चार फोटो, दवाखान्याचे बिल