‘त्याचा हेतू नव्हता’ म्हणालास म्हणून

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एकच धोशा लावला होतास, ‘बाबा, त्याचा तसा काही हेतू नव्हता हो.’ मान्य. तुझ्या मित्राने पिऊन गाडी चालवून ज्या रिक्षावाल्याला धडक दिली, त्याच्याशी त्याचं वैर कुठलं असायला! पण माझी उभी हयात सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून गेली. दारूच्या केसमध्ये बचावाचं पहिलं वाक्य बहुधा हेच असायचं.

मारायचं मनात नव्हतं, एवढ्याने सुटका होत नाही. आपल्या करण्याने कुणाचा जीव जाऊ शकतो हे ठाऊक असूनही केलं आणि जीव गेला, तर तो सदोष मनुष्यवध. आता जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०५, दहा वर्षांपर्यंत कैद. नुसता निष्काळजीपणा ठरला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. ‘प्यायलो होतो, काही कळत नव्हतं’ ही पळवाटही बंद आहे. आपणहून प्यायलेल्याला शुद्धीतल्या माणसाइतकी जाणीव होती, असंच कायदा धरून चालतो.

मुंबईतल्या कार्टर रोडची केस आठवते? नसेल, तू लहान होतास. नोव्हेंबर २००६, पहाटेची वेळ. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली. सात गेले, आठ जखमी. रस्त्याचंच काम करायला आलेली माणसं ती. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. हायकोर्टाने सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. तीन वर्षंही कमीच आहेत, असं वर सुनावलं. पण शिक्षा वाढवून मागायला सरकार अपिलात गेलंच नव्हतं. सात जीव, तीन वर्षं. मला तो हिशेब अजून पटत नाही.

तुमचा रिक्षावाला वाचला, म्हणून एवढ्यावर निभावलं. पण तुझं मला नवल वाटतं. तू स्वतः लोकलने घरी आलास. म्हणजे प्यायल्यावर गाडीला हात लावायचा नाही, हे स्वतःपुरतं तुला नीट कळत होतं. मित्राने खिशातून किल्ली काढली तेव्हा मात्र तू ‘सांभाळून जा रे’ म्हणालास! पाठीवर थाप मारून ‘चल, तूच चालव’ असं कुणी म्हटलं असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८८ त्यालाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा सांगतं. तू तेवढं केलं नाहीस, ठीक. पण किल्ली काढून घेतली असतीस तर फार तर शिव्या खाल्ल्या असत्यास.

विमा, क्लेम हे सगळं यथावकाश होईल. त्या रिक्षावाल्याच्या पायात रॉड घातलाय आणि रिक्षाचा हप्ता दर महिन्याला आहेच. तुमच्या ग्रुपने निदान तेवढा भरावा, असं माझं मत. शनिवारी मी त्याला भेटायला जाणार आहे. मित्राला घेऊन ये. वकिलाने नको म्हटलं असेल, तर तू एकटा ये.

तुझे,
बाबा