दूधसागरचे पाणी आपल्याच नळाला येते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

माझे वडील गोवा-कर्नाटक सीमेवरच्या कुळे–कॅसलरॉक घाटात रेल्वेचे गँगमन होते. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन रूळ तपासायला निघत आणि भिजून चिंब होऊन परतत. पोर्तुगीज अमलात १८८० च्या दशकात घातलेला हा लोहमार्ग तीनशेहून अधिक मीटर उंचीच्या दूधसागर धबधब्याच्या अगदी अंगावरून जातो. आजही चढणीला गाडी ढकलायला मागून बँकर (जादा) इंजिने लावावी लागतात. त्यांची धाप मी लहानपणापासून ऐकत आलो.

या मार्गाच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, तेव्हा मला आनंदाने रडू आले. रेल्वेने आमचे घर चालवले, तरीही. मोले अभयारण्यातले हे रान पाऊस धरून ठेवते, ते पाणी खांडेपार नदीत उतरते, आणि ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून फोंडा-पणजीच्या नळांना येते. दूधसागर या नावामागची, राजकन्येच्या दुधाच्या घड्याची कथा सगळे सांगतात. ही नळाची गोष्ट कुणी सांगत नाही.

गेल्या रविवारी डोहाकाठी मी बाटल्यांनी दोन पोती भरली. कुळ्यातून जीपने जाणाऱ्या प्रत्येकाच्या बाटल्या मोजून घ्याव्यात, परतताना तितक्याच मोजाव्यात, एवढीच कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, कुळे