सुन्यास, मिलिटरी राजवटीबद्दल

नाशिक

प्रिय सुन्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, उत्तर टाइप करायला बसलो तर ते एवढं वाढत गेलं की म्हटलं आता पत्रच लिहितो. तू म्हणतोस इतकी वर्षं मतं टाकून गरिबाच्या पदरात काय पडलं, पैसेवाले अजून पैसेवाले झाले, त्यापेक्षा पाच वर्षं देश मिलिटरीच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ येतील. हे आपण कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत लहानपणापासून ऐकतोय. पहिल्या अर्ध्याशी माझं भांडण नाही, विषमता आहे आणि रोज डोळ्यात खुपते. भांडण दुसऱ्या अर्ध्याशी आहे, आणि तू माझा जवळचा म्हणून ते मोकळेपणाने भांडतो.

एक आधीच सांगतो, फौजेबद्दल मला मनापासून आदर आहे. देवळालीच्या तोफांचे आवाज ऐकतच आपण मोठे झालो, आपल्या वर्गातली किती पोरं भरतीसाठी पहाटे पळायची. पण आपला जवान कधी मंत्रालयात जाऊन बसला नाही, म्हणूनच त्याला हा मान आहे असं मला वाटतं. मुद्दा वेगळा आहे. फौजेने देश चालवला तर त्या काळात जमीन, पाणी, पैसा कोणाच्या नावावर जातो, आणि ती बराकीत परत गेल्यावर लोकांना ते परत मागता येतं का?

मी दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाबद्दल वाचायला लागलो ते कामामुळे. एक्सपोर्टच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये हिशेब बघतो ना, युरोपात चिली आणि पेरूचा माल किती उतरला यावर आपल्या कंटेनरचा रेट वरखाली होतो. मग वाटलं हे लोक एवढी द्राक्षं पिकवतात कशी. तर तिथे 1967 च्या कायद्याने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून कुळांना, मजुरांना द्यायचं काम चालू होतं. 11 सप्टेंबर 1973 ला जनरल पिनोशेने निवडून आलेलं सरकार उलथवलं, राष्ट्राध्यक्ष आयेंदे त्याच दिवशी मरण पावले, आणि त्यानंतर त्यातली बरीच जमीन जुन्या मालकांकडे परत गेली, काही तुकडे करून वाटली पण कर्ज आणि खतपाण्याची मदत नसल्याने अनेकांना ती विकावी लागली. मग एक्सपोर्टच्या बागा वाढल्या, त्यात हंगामी मजूर, पॅकिंगला बायाच जास्त. वाचताना पेठ सुरगाण्याहून दिंडोरी निफाडला छाटणीला आणि थिनिंगला, म्हणजे घड विरळायला, येणारी माणसं डोळ्यासमोर आली. फरक एवढाच की तिथे तेव्हा तोंड उघडायची सोय नव्हती, हजारो माणसं मारली गेली किंवा गायब झाली, युनियनचे पुढारी पहिले.

आणि पाणी. 1981 च्या कायद्याने पाण्याचे हक्क जमिनीपासून वेगळे केले, फुकट दिले, कायमचे दिले आणि वर विकायची मुभा दिली. म्हणजे बघ, नदी गावातून वाहते पण पाणी दुसऱ्याच्या मालकीचं. पेतोर्का नावाचा भाग आहे, तिथे डोंगरउतारावर अॅव्होकॅडोच्या हिरव्यागार बागा आणि खाली वस्तीला टँकरने पाणी. टँकर आपल्याकडेही येतो, त्र्यंबक तालुक्यात मार्चएप्रिलला बायका हंडे घेऊन विहिरीत उतरतात ते आपण पाहिलंय, त्यात अभिमान वाटण्यासारखं काहीच नाही. पण आपल्याच दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणावर काय झालं तेही तुला माहितीये. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गावांना पाणी पोचत नव्हतं म्हणून 1990 च्या आसपास टेलच्याच शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, मग वरची गावंही आली आणि आता अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप संस्था करतात. पाण्याची पाळी कधी सोडायची, कोणाला किती, पाणीपट्टी किती, सगळं मीटिंगमध्ये भांडून ठरतं, आरडाओरडा होतो, माणसं उठून जातात, परत येतात. तुला आवडते ती शिस्त तिथे अजिबात नाही, पण टेलच्या माणसाच्या वाफ्यात पाणी येतं.

आता तुझ्या जिव्हाळ्याचं, पेन्शन. पिनोशेच्या सरकारने 1981 पासून सरकारी पेन्शन बंद करून प्रत्येकाचं खातं खाजगी कंपन्यांकडे उघडलं, कामगाराच्या पगारातून 10 टक्के कापायचे, मालकाचा वाटा शून्य. सांगितलं की म्हातारपणी भरपूर मिळेल, पुढे लोकांच्या हातात पडलं ते घरभाड्यालाही पुरेना, त्यात बायकांचं आणखी कमी. पण या स्कीममधून एक गट बाहेर ठेवला होता. सैन्य आणि पोलीस! त्यांची जुनी पेन्शन तशीच चालू. वर सरकारी तांब्याच्या कंपनीच्या निर्यातीच्या विक्रीतले 10 टक्के थेट फौजेला, नफा होवो न होवो, आणि हा कायदा रद्द व्हायला 2019 उजाडलं. तू 2005 नंतर लागलेला मास्तर, 2023 च्या मार्चमध्ये एकच मिशन जुनी पेन्शन म्हणत संपावर होतास, शाळा बंद ठेवून रस्त्यावर उतरलास आणि सरकारला तुमच्याशी बोलावं लागलं. पिनोशेच्या चिलीत तू हे करू शकला असतास का, खरंच विचार कर.

बरं, ती राजवट गेली कशी ते ऐक. 5 ऑक्टोबर 1988 ला मतदान घेतलं, पिनोशे अजून आठ वर्षं हवा का, हो किंवा नाही, आणि साधारण 56 टक्के लोकांनी नाही वर खूण केली. 1990 मध्ये निवडून आलेलं सरकार बसलं. इथपर्यंत सिनेमासारखं आहे. पण जाता जाता पिनोशेच्या लोकांनी सगळीकडे कुलपं लावून ठेवली होती रे. राज्यघटना त्यांनीच 1980 मध्ये केलेली, तिच्यावर मतदान घेतलं तेव्हा मतदारयादीसुद्धा नव्हती. त्या घटनेप्रमाणे सिनेटमध्ये काही जण न निवडता नेमलेले, ते 2005 पर्यंत चाललं. निवडणुकीची पद्धत अशी की एका मतदारसंघात दोन जागा आणि दोन्ही घ्यायच्या तर दुसऱ्या आघाडीच्या दुप्पट मतं लागणार, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याएवढी मतं मिळाली तरी निम्म्या जागा हातात. मोठे कायदे बदलायला साध्या बहुमताने भागत नव्हतं. आणि पिनोशे स्वतः 1998 पर्यंत लष्करप्रमुख आणि मग तहहयात सिनेटर! लोकांनी सरकार बदललं पण पाणी, पेन्शन, शाळांची फी यातलं काही मुळापासून बदलायला गेलं की कुठलं ना कुठलं कुलूप आडवं यायचं. गरिबी कमी झाली हे खरं आहे, त्या सरकारांनी पुष्कळ काम केलं, पण वरच्या मूठभरांच्या हातातला वाटा फारसा हलला नाही.

म्हणून 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोचं तिकीट 30 पेसोने वाढलं आणि शाळेची पोरं गेटवरून उड्या मारायला लागली तेव्हा घोषणा होती की हे 30 पेसोचं नाही, 30 वर्षांचं आहे. पुढच्या वर्षी 78 टक्के लोकांनी नवीन घटना हवी म्हणून मत दिलं. पण 2022 मध्ये समोर ठेवलेला मसुदा 62 टक्क्यांनी नाकारला, 2023 चा दुसराही नाकारला, आणि आज तीच 1980 ची घटना, बऱ्याच दुरुस्त्या करून, चालू आहे. मला हे वाचून फार वाईट वाटलं. हुकूमशहाने थोड्या वर्षांत, कोणाला न विचारता जे पक्कं केलं ते सोडवायला विचारून चालणाऱ्यांना पिढ्या लागतात.

ब्राझीलची गोष्ट जरा वेगळी. तिथे 1964 ते 1985 फौज होती, विकास जोरात झाला, आणि आधी केक मोठा होऊ द्या मग वाटू असं सांगितलं जायचं, 1960 आणि 1970 च्या जनगणना शेजारी ठेवल्या तर विषमता वाढलेली दिसते. पण फौज जायच्या आधीच साओ पाउलोजवळच्या मोटार कारखान्यांत 1978 पासून संप सुरू झाले, त्यांचा पुढारी लुला जेलमध्ये गेला, आणि 1988 ची घटना लिहिली गेली तेव्हा ही संघटित माणसं दारात उभी होती. म्हणून तिच्यात सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यसेवा आली, खेड्यातल्या म्हाताऱ्यांना किमान वेतनाएवढी पेन्शन आली. 2003 ला तोच लुला राष्ट्राध्यक्ष झाला. तिथली विषमता अजूनही भयंकर आहे, पण 2000 नंतर दहाबारा वर्षं ती सलग उतरली आणि ती मतांच्या जोरावर उतरली. दक्षिण कोरियातही तसंच, 1987 च्या जूनमध्ये लोकांनी राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक मिळवली आणि लगेच जुलैऑगस्टला कारखान्याकारखान्यात संप, पगार वाढले, 1989 पर्यंत सगळ्यांना आरोग्यविमा. शेजारच्या पाकिस्तानात काय आहे ते तुला सांगायला नको, खत, सिमेंट, सकाळचा नाश्ता सगळ्यात फौजेशी जोडलेलं फौजी फाउंडेशन आणि अधिकाऱ्यांना शेतजमिनी, तिथे कोण कोणाला सरळ करणार?

तू विचारलंस मतांनी काय मिळालं. मत एकटं कमी पडतं हे मला मान्य आहे, चिलीने तेच दाखवलं. पण मत आहे म्हणून मागता तरी येतं. आपल्या नाशिकचे दादासाहेब गायकवाड 1959 ला आणि मग 1964 ला भूमिहीनांसाठी सत्याग्रह करत होते, माणसं जेलमध्ये जायची, सुटायची, परत मागायची. आणि 2018 च्या मार्चमध्ये नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून मुंबईला निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा आठव, लाल टोप्या, पायात चपला नसलेल्या म्हाताऱ्या, वनजमिनीचे दावे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेले. मुंबईत पोचल्यावर दहावीच्या पोरांची परीक्षा म्हणून ते रात्रीच चालत आझाद मैदानात गेले. मागण्या सगळ्या मिळाल्या का, नाही, दावे अजून अडकलेत, पण सरकारला त्यांना लेखी आश्वासन द्यावं लागलं आणि त्या कागदावर बोट ठेवून ते आजही तहसीलला भांडतात. तुझी पाच वर्षांची राजवट आली की पहिल्या दिवशी बंद होणार तो हाच मोर्चा, आणि पाच वर्षांनी त्यांची जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर असेल ते मी सांगायची गरज नाही.

राग धरू नकोस. तुझा संताप मला कळतो, बावीस वर्षांचा असताना मीही असाच बोलायचो. पण तुझ्यासारखा संपावर गेलेला माणूस हे बोलतो तेव्हा मला काळजी वाटते, तुझं वर्गातली पोरं ऐकतात. दिवाळीच्या सुट्टीत सगळे इकडे या, वाघाडच्या एखाद्या संस्थेची मीटिंग असली तर तुला घेऊन जातो, माझ्या ओळखीचे आहेत. वहिनींना नमस्कार, चिंगीला सांग काकाने तिच्यासाठी बेदाणे काढून ठेवलेत. उत्तर लिहून पाठव, व्हॉइस मेसेज नको.

तुझाच,
अव्या