एक कमेंट उडवली

सोलापूर, रविवार

प्रिय बंड्या,

गड्ड्याच्या यात्रेपासून तुला फोन नाही. आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. गुडघा आहे तसाच. आई बरी.

मी एक कमेंट उडवली बे.

माझ्या बातम्यांच्या पोर्टलवर पाइपलाइनच्या कामाची बातमी होती, कुणाला न बोचणारी. खाली एका बाईनं लिहिलं, 'आमच्या गल्लीत एकच खड्डा तीनदा खणला, पाणी मात्र पाचव्या दिवशीच.' वर ठेकेदाराचं नाव. आठवड्यात ठेकेदाराच्या वकिलाची नोटीस, पोस्टानं. पंचवीस लाख द्या, माफी छापा, बाईचं नाव-पत्ता कळवा. पोस्टमन सही घेऊन जिना उतरत होता, तेवढ्यात मी मोबाइलवरून कमेंट काढूनही टाकली. नोटिशीचं दुसरं पान वाचलं नव्हतं. पोस्टमनचं पेन माझ्याच हातात राहिलं.

संध्याकाळी माझे वकीलसाहेब हसले. म्हणाले, सुप्रीम कोर्टाचा श्रेया सिंघल निकाल २०१५ चा. तिऱ्हाइताचा मजकूर काढायला कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश लागतो, वकिलाचं पत्र पुरत नाही. पण तू बातम्याही छापतोस, दुसऱ्यांनी लिहावं म्हणून नुसता फळा टांगून बसलेला नाहीस. त्यामुळे ते संरक्षण तुला लागू का, इथूनच भांडण. आणि खरं लिहिलं म्हणून बदनामीच्या फौजदारीत सुटका नाही, लोकहिताचं होतं हेही दाखवायचं. शिक्षेचं सोड, तारखांचे हेलपाटेच पुरतात.

त्याच निकालानं आयटी कायद्याचं कलम ६६ अ, ऑनलाइन लिहिण्यावरून आत टाकणारं, रद्द झालं तेव्हा पार्क चौकात मी पेढे वाटत होतो आणि तू म्हणालास, 'पेढे कशाला, बदनामीचं ४९९ जागेवरच आहे.' पुढल्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ते वैध ठरवलं. आता न्याय संहितेत नवं नाव, कलम ३५६. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, नाहीतर समाजसेवा. समाजसेवा मिळाली तर झाडू घेऊन त्याच खड्ड्यावर उभा राहीन.

टिळक-आगरकर कुणाच्या पत्रांवर विसंबून कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्ध लिहिलं म्हणून बदनामीच्या खटल्यात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात बसले, यावर मी गणेशोत्सवात किती भाषणं ठोकली! तू मागून ओरडायचास, 'ती पत्रं बनावट निघाली होती!' होती खरी. म्हणजे त्यांनीही दुसऱ्याच्या लिहिण्यापायी भोगलं. इथं बाईचं म्हणणं मी तपासलंसुद्धा नाही. चार पावलांवर खड्डा, जाऊन बघायचं होतं.

कारखान्याच्या बातमीतलं नाव तू रात्री काढलंस, तेव्हा चाटी गल्लीत चारचौघांत मी तुला काय काय म्हणालो! वर्षभर बोललो नाही. तुझी पोरगी तेव्हा तीन महिन्यांची होती, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. मला तर तेही कारण नाही.

पुण्याच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? पोरीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार. शेंगा चटणी पाठवतोय, तिखट बेताचं.

नाव-पत्ता मी दिलेला नाही, देणारही नाही. तेवढं तरी ऐकून ठेव. उत्तराला पंधरा दिवसांची मुदत, त्यातले सहा गेले. मसुदा सोबत आहे, तुझ्या त्या लाल पेनानं बघ. कमेंटचा फोटो माझ्याकडे आहे, पुन्हा लावू का?

काल त्या बाईचा मेसेज आला, 'दादा, माझं लिहिलेलं दिसंना.' अजून उत्तर दिलेलं नाही.

तुझा,
सुध्या