अथर्व, फ्लॅटचं ठरवायच्या आधी हे वाच

प्रिय अथर्व,

काल फोनवर तू घाईत होतास, त्यात पप्पा मध्येच बोलायला लागले आणि सगळं राहूनच गेलं, म्हणून हे टाइप करतेय. निवांत वाच आणि मग फोन कर. तुम्ही चौघांनी धायरीत टूबीएचके बघितलाय, भाडं २२ हजार, म्हणजे प्रत्येकी साडेपाच, आणि ते हॉस्टेलपेक्षा स्वस्त पडतं असं तुझं म्हणणं.

माझं मत आधीच सांगून टाकते. सेकंड इयरला हॉस्टेल सोडू नकोस. थर्ड इयरला सोडायचं असेल तर मी स्वतः पुण्याला येऊन तुझ्याबरोबर फ्लॅट बघत फिरेन.

साडेपाच हजार हे नुसतं भाडं झालं. लाइट बिल, वायफाय, गॅस, भांडी-झाडूला मावशी हे सगळं त्यावर, मेसचे पैसे वेगळे, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणजे बाहेरचं खाणं आलंच. डिपॉझिट ६६ हजार मागतायत, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. अ‍ॅग्रीमेंट ११ महिन्यांचं, म्हणजे परीक्षा संपून तू इथे बार्शीत असशील तेव्हाही तिकडे भाडं चालूच. हॉस्टेलची फी वर्षाची एकदा भरली की विषय संपतो. तरी दोन-चार हजारांच्या फरकासाठी मी तुला अडवलं नसतं.

मला काळजी वेगळीच आहे. चौघांपैकी एक गेला तर काय? एकाला वायडी लागतो, म्हणजे नापास होऊन वर्ष वाया जातं, एकाला दुसऱ्या शहरात इंटर्नशिप मिळते, एकाचं बाकीच्यांशी पटत नाही, आणि मग तेच २२ हजार तिघांच्या अंगावर येतात, लॉक-इन, म्हणजे ठरावीक महिने घर सोडायचं नाही अशी अट असेल, तर घर सोडताही येत नाही. वर्षाच्या मध्यात नवीन पार्टनर सहज मिळत नाही रे. अ‍ॅग्रीमेंटवर ज्याचं नाव त्यालाच मालक फोन करणार, आणि तुझा स्वभाव मला माहितीय, तू "जाऊ दे मी भरतो" म्हणणार आणि आम्हाला सांगणारसुद्धा नाहीस.

दुसरं म्हणजे जागा. शिवाजीनगरच्या कॉलेजात आत्ता तू पाच मिनिटांत चालत पोचतोस. धायरीहून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून बसने यायचं, मेट्रो त्या बाजूला अजून नाही, मग महिन्याभरात तू गाडी मागणार. पावसाळ्यात त्या रस्त्यावर तू रोज गाडी चालवावीस असं मला अजिबात वाटत नाही.

आणि पाणी! जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट निघाले ते जास्त करून किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी याच भागातले होते. आधी जुलाब, मग पायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, आणि संशय दूषित पाण्यावर होता. म्हणून कुठलाही फ्लॅट बघताना पहिलं हे विचार की पाणी महापालिकेचं का टँकरचं, टाकी शेवटची कधी धुतली. नदीजवळ तळमजला तर नकोच. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडच्या एकता नगरीत खालच्या घरांत पाणी शिरलं होतं, बातम्या तू पण बघितल्या होत्यास.

आता खरं बोलूया. तुला हॉस्टेल नकोय ते गीझरचं पाणी सात वाजता संपतं म्हणून नाही आणि गेट लवकर बंद होतं म्हणूनही नाही. रूममेट रात्री दोनपर्यंत गेम खेळत ओरडतो, तुझी झोप होत नाही, हे तूच दिवाळीत सांगितलंस. पण फ्लॅटच्या चौघांत तोही आहे ना? मग तिथे झोप कशी होणार? हॉस्टेलला निदान रेक्टर आहेत, रीडिंग हॉल आहे, समोरच्या रूममधल्या सीनियरने तुला मॅथ्स थ्री शिकवायचं कबूल केलंय, ते धायरीत कुठून आणणार.

एवढं सांगूनही तुमचं फ्लॅटचंच ठरलं तर नुसत्या नोटरीवर सही करू नकोस. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हे भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, रजिस्टर करावंच लागतं, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. आता ते ऑनलाइन होतं, मालकाने टाळाटाळ केली तर तो फ्लॅट सोडून द्या. चौघांचीही नावं घाला, नोटीस पिरियड किती ते लिहून घ्या, डिपॉझिट बँकेतूनच द्या, पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या. पहिल्याच दिवशी भिंती, नळ, गीझर, खिडक्यांच्या काचा सगळ्याचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मामाच्या डिपॉझिटमधून निघताना पेंटिंग आणि नळाचे म्हणून भरपूर पैसे कापले होते आणि नळ आधीपासूनच गळत होता हे दाखवायला त्याच्याकडे एक फोटो नव्हता.

पप्पांनी हॉस्टेल फीचे पैसे बाजूला ठेवलेत, फॉर्मची शेवटची तारीख कळव. आणि रूम बदलायचा अर्ज उद्याच रेक्टरांना दे, वाटप झाल्यावर कोणी ऐकत नाही. मित्राला वाईट वाटेल म्हणून थांबू नकोस, त्याच्याशी आधी नीट बोल, मग अर्ज दे.

तुझी,
आई