आजोबांची पेडण्यातली जन्मनोंद

वेंगुर्ले

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे आजोबा गोव्यातल्या पेडण्याचे, तेरेखोल नदी ओलांडून इकडे आलेले. तेवढ्यावर पोर्तुगालचं नागरिकत्व मिळतं का, असं तू विचारलंस. वाट आहे. पण तिकडे आजोबा नव्हेत, आजोबांचा कागद बघतात. त्यांचा जन्म 19 डिसेंबर 1961 पूर्वी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात झाला हे आधी सिद्ध व्हावं लागतं. मग ते आजोबा आणि काकांच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, जन्मदाखल्यावरचे वडील एकच, हे. मग काका आणि तू.

म्हणून पहिली फेरी पेडण्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात मार. जुन्या वह्या तिथे नसल्या तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोधाव्या लागतात. जाताना गाव, जन्मसालाचा अंदाज आणि पणजोबा-पणजीची नावं घेऊन जा. छापील सारांश-दाखला घेऊ नकोस, मूळ नोंदीची शब्दशः नक्कल माग. तिकडे तिला 'तेओर' म्हणतात. नोंद कधी झाली ते नीट बघ. जन्म 1940 चा आणि नोंद गोवामुक्तीनंतर कितीतरी वर्षांनी, असं असेल तर लिस्बनला ती फार बारकाईने तपासतात.

नावं वाचताना दमाने घे. पोर्तुगीज कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलंय. 'श' साठी एक्स, 'क' साठी सी किंवा क्यू, प्रभूंचे 'पोरोबो', कामतांचे 'कामोतीं'. आडनाव सापडलं नाही म्हणून नोंदच नाही, असं धरून परत येऊ नकोस.

आजीच्या बाजूने जायचा विचारही तू लिहिलास. ते मला अवघड वाटतं. आपल्याकडे लग्नात नुसतं आडनाव नव्हे, मुलीचं पाळण्यातलं नावही बदलायचे. जन्मनोंदीत माहेरचं नाव, काकांच्या दाखल्यावर सासरचं. या दोन बायका एकच, हे सांगणारा कागद म्हणजे लग्नाची नोंद. लग्न गोव्यात झालं असेल तर ती असण्याची शक्यता आहे, कारण तिथे नागरी विवाहनोंदणीची पद्धत होती. इकडे मांडवात लागलेल्या त्या काळच्या लग्नाची नोंद क्वचितच सापडते. दोघंही हयात नसताना ती आता करताही येत नाही, आणि नुसतं प्रतिज्ञापत्र त्या जागी पुरत नाही.

काकांचा जन्म वेंगुर्ल्याचा, त्यामुळे इकडची नोंद जुन्या दप्तरात शोधायची: नगरपरिषदेत, आणि खेड्यातला जन्म असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना 14, म्हणजे आपलं कोतवाल बुक. तिथे बहुतेक वेळा 'अमक्यास मुलगा' एवढंच असतं, बाळाचं नाव नसतं. मग शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा जोडीला लागतो. जुन्या कागदावर जिल्हा रत्नागिरी असेल आणि पासपोर्टवर सिंधुदुर्ग. आपला जिल्हा 1 मे 1981 ला वेगळा झाला, हे लिस्बनच्या कारकुनाला माहीत असण्याचं कारण नाही. एका पानाचा खुलासा सोबत लाव.

भारतीय कागदांना अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का, लागतं. आधी राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मराठी कागदाचं पोर्तुगीज भाषांतर शिक्क्यानंतर करून घे, म्हणजे शिक्क्यावरचा मजकूरही भाषांतरात येतो.

क्रम चुकवू नकोस. आधी आजोबांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत चढायला हवा, मग त्यांचं लग्न, मग मुलगा म्हणून काका, मग काकांचा मुलगा म्हणून तू. या पायऱ्यांनी गेलास तर भाषेची परीक्षा नाही. काकांना वगळून थेट नातू म्हणून अर्ज केलास तर पोर्तुगीज येतं हे दाखवावं लागतं. त्यासाठी ए२ (प्राथमिक) पातळीचं प्रमाणपत्र चालतं. आणि बाप-मुलाचं नातं मूल सज्ञान होण्याआधीच नोंदलेलं असावं, ही अट आहे. उशिरा केलेल्या जन्मनोंदी इथेच अडकतात. हा कायदा वरचेवर बदलतो, तेव्हा अर्जाच्या वेळचे नियम पणजीच्या पोर्तुगीज वकिलातीत विचारून घे.

आता सगळ्यात जड गोष्ट. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. 1955 च्या कायद्याच्या कलम 9 नुसार स्वेच्छेने परकं नागरिकत्व घेतलं की भारतीयत्व जातं, आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणं हाच त्याचा निर्णायक पुरावा. दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवणं गुन्हा आहे; भारतीय पासपोर्ट जमा करावाच लागतो. पुढे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) मिळू शकतं, पण त्यावर मत देता येत नाही, सरकारी नोकरी नाही, आणि शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. वारसाने आलेली कलमांची बाग राहील, पण शेजारची वाडी विकायला निघाली तर तुला ती घेता येणार नाही. पायऱ्यांची वाट धरलीस तर हे सगळं काकांनाही लागू होईल. या वयात त्यांनी मतदार यादीतून नाव काढून घ्यायचं का, हे त्यांनाच ठरवू दे. त्यांना आधी सांग, कागद नंतर.

एजंटाला मूळ दाखले देऊ नकोस, आणि 'नोंद नसली तर बनवून देतो' म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस. खोटी नोंद पुढे उघडी पडली तर मिळालेलं नागरिकत्व जाऊ शकतं, मुलांचंसुद्धा.

नमुना 14 चा उतारा हाती आला की त्याचा फोटो पाठव. आजोबांचं नाव तिथे कसं लिहिलंय ते आपण पेडण्याला जाण्याआधी ताडून घेऊ.

काकांना नमस्कार सांग.

तुझा मित्र