इतिहासाची गोडी गाण्यातून लागते, लागू द्या!

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ऐतिहासिक चित्रपट लागला की वाचकांच्या पत्रांत ठरलेला सूर ऐकू येतो. अमुक लढाई तशी झालीच नाही, तमुक दागिना त्या काळी नव्हता, आणि त्यात गाणी हवीतच कशाला? पहिल्या दोन तक्रारी रास्त असतील. तिसरीशी मात्र मला भांडायचं आहे. मी मालवण तालुक्यातल्या एका भजनी मंडळात पेटी वाजवतो. आमच्या पोरांना इतिहासाची जी काही गोडी लागली, ती गाण्यांमुळेच लागली.

संगीत नाटकांत नायिकेच्या भूमिका करणारे गायक नट बालगंधर्व यांच्यावरचा 'बालगंधर्व' हा चित्रपट 2011 साली आला. सुबोध भावे यांचा अभिनय, आनंद भाटे यांचा गळा. आमच्या पोरांनी तो फार उशिरा, गणपतीच्या दिवसांत कुणाच्या तरी ओटीवर बसून टीव्हीवर पाहिला. शहरातल्या प्रेक्षकाला पुरुषाने नऊवारी नेसून नायिका होणं म्हणजे गेल्या जमान्यातली गोष्ट वाटत असेल. आमच्याकडे तसं नाही. दशावतारात आजही स्त्रीपार्टी पुरुषच असतो. देवळाच्या मागच्या बाजूला ट्रंकेवर आरसा टेकवून तो स्वतःच स्वतःचा चेहरा रंगवतो, तोंडात पिना धरून गंगावन बसवतो, आणि मग पदर असा काही सारखा करतो की समोरच्या बायांनी बघत राहावं. पोरं लहानपणापासून हे बघतात, पण त्याच्याशी बोलायला कुणी जात नसे. चित्रपट पाहिल्यावर त्या जत्रेच्या हंगामात दोघेतिघे थेट त्या कलाकाराच्या पुढ्यात जाऊन बसले. नेसायला कुणी शिकवलं, आवाज कसा काढता, बालगंधर्वांचं नाव ऐकलंय का? तो कलाकारही रंगात आला. त्या रात्री नाटक उशिरा सुरू झालं आणि मॅनेजरची बोलणी मला खावी लागली, ते सोडा.

खरी गंमत पुढे आहे. आमचा पखवाजवाला पोरगा चित्रपटावर थांबला नाही. मोबाईलवर बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणं शोधू लागला. त्यात त्याला 'जोहार मायबाप' सापडलं. 1931 च्या 'संगीत कान्होपात्रा'तलं हे पद. सरावाला आला तो हेच म्हणायचं म्हणून हट्ट धरूनच. पट्टी जमेना, बालगंधर्वांची ती लाडिक लय तर कुणालाच जमेना, पण शब्द पाठ झाले. आणि शब्द पाठ झाले तसा तो अडखळला. आपण भुकेलेले आहोत, तुमच्या उष्ट्यासाठी आलो आहोत, असं देवाच्या दारात कोण म्हणतंय? मी सांगितलं, हा चोखोबांचा अभंग. नाटककाराचा नव्हे, सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या संताचा. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, आणि पंढरपुरात त्यांची समाधी आजही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. पोराने पेटीवरचा माझा हात थांबवला आणि विचारलं, "मगे तेका भायर कित्याक ठेवल्यानी?"

या प्रश्नाचं उत्तर पेटीवर देता येत नाही. मग मी त्याला साने गुरुजींची गोष्ट सांगितली. दापोली तालुक्यातलं पालगड हे त्यांचं गाव, म्हणजे आपल्याच कोकणातला माणूस. विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी मे 1947 मध्ये पंढरपुरात उपोषण केलं. त्याच्या वीस वर्षं आधी, 20 मार्च 1927 ला, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेही कोकणच. 1931 साली रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी पतितपावन मंदिर सर्व हिंदूंसाठी बांधून दिलं, तेही इथलंच. चवदार तळं पोराने शाळेत वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण चोखोबा आणि महाड एका धाग्यात त्याला त्या रात्री दिसले, आणि तो धागा एका नाट्यपदाचा होता.

म्हणून म्हणतो, गाण्याला नाकं मुरडू नका. तलवारबाजीचा गंभीर चित्रपट पाहून माणूस "असंच घडलं होतं" अशी समजूत करून घरी जातो, आणि प्रश्न मिटतो. संगीतपटात असं होत नाही. दरबारात उभा राहून कुणी आलापी करत नसतो हे लहान पोरालाही कळतं, त्यामुळे कुणी त्याला पुरावा समजत नाही. गाणं मात्र ओठांवर राहतं. भात लावताना, होडी ओढताना, एसटीच्या खिडकीत बसून तीच ओळ शंभरदा म्हटली जाते, आणि कधीतरी तिच्यातला एखादा शब्द खडा लागावा तसा लागतो. बालगंधर्वांचं एकोणऐंशी वर्षांचं आयुष्य एका चित्रपटात बसवताना काटछाट होणारच. बाकीचं शोधायला माणूस उठला, तर चित्रपटाने आपलं काम केलं.

धोका नाही असं नाही. प्रभातच्या 1936 सालच्या 'संत तुकाराम'मधलं 'आधी बीज एकले' आमच्या भागात कित्येक मंडळं तुकोबांचा अभंग म्हणून गातात. ते लिहिलं शांताराम आठवले यांनी, त्या चित्रपटासाठी. गाथेत शोधून सापडायचं नाही. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, एका बुवांना मी हे हळूच सांगितलं, तर ते माझ्यावरच उखडले. पण तरुण गायकाने त्याच रात्री गाथा मागून घेतली, खात्री करायला. चुकलेल्या गाण्यामुळेही गाथा उघडली जाते, हे मला कमी वाटत नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर रील काढणाऱ्यांबद्दलही असंच काहीसं. मालवणच्या धक्क्यावर चित्रपटातलं गाणं लावून होडीत चढणाऱ्या पोरांना आपण नावं ठेवतो. मीही ठेवतो, आवाज फार मोठा असतो. पण आत गेल्यावर त्यांना दूधबाव, दहीबाव, साखरबाव दाखवून भर समुद्रात गोडं पाणी कुठून आलं, हे सांगणारा कुणी हवा. तो बहुतेक वेळा नसतो.

तक्रार आहे ती इथे. चित्रपट पोरांना उंबऱ्यापर्यंत आणून सोडतो, आणि आत दार बंद. आमच्या जवळच्या एका वाचनालयात जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं कपाटात कुलपात आहेत. पखवाजवाला पोरगा 'कान्होपात्रा' मागायला गेला, तर "परीक्षेला आहे काय?" असं विचारून त्याला परत पाठवलं. शाळेत टिळक स्वराज्य फंड शिकवतात, पण त्या फंडासाठी 8 जुलै 1921 ला मुंबईत केशवराव भोसले आणि बालगंधर्व हे दोन वेगवेगळ्या नाटक मंडळींचे गायक नट एकत्र 'मानापमान' नाटकात उभे राहिले होते, हे कुणी सांगत नाही. तेवढं सांगितलं तर धडा पाठ करावा लागणार नाही.

आपल्याकडे एक मागणं आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत कोकणाच्या संगीत नाटकांवर एक सदर सुरू करावं. सामग्री भरपूर आहे. सावंतवाडी संस्थानात जन्मलेले रामकृष्णबुवा वझे यांनी 'संन्यस्त खड्ग'ला चाली दिल्या. ते नाटक सावरकरांनी रत्नागिरीत स्थानबद्ध असताना लिहिलं आणि मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने 1931 साली रंगभूमीवर आणलं. अशा एका नाटकामागे किती गावं आणि किती माणसं असतील! प्रत्येक लेखासोबत एखादं पद पूर्ण छापा, चुका न करता, कवीच्या नावासकट. कात्रणं कापून वहीत चिकटवायचं काम आमच्या मंडळाकडे लागलं.

कळावे,
आपला,
एक पेटीवाला वाचक, ता. मालवण